रविवारचं तापमान

सोमवारी सकाळी आठ चाळीसला मी रजिस्टर उघडलं आणि रविवारच्या दोन्ही रकान्यांत चार लिहिलं. सकाळी नऊ वाजता चार अंश. संध्याकाळी पाच वाजता चार अंश. पेनाला टोपण लावलं, अंगात कोट चढवला आणि मग दोन नंबरचा फ्रिज बघायला गेले.

हा क्रम उलटा होता. आधी बघायचं आणि मग लिहायचं, हे मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलींना मीही तेच शिकवत होते. पण दोन नंबरचा फ्रिज सहा वर्षांत कधी चारच्या खाली गेला नव्हता की पाचच्या वर चढला नव्हता. एखाद्या माणसावर विश्वास बसावा तसा माझा त्याच्यावर बसला होता.

दारावरचा काटा उणे तीनवर होता.

मी काचेवर बोटानं टकटक केलं. काटा हलला नाही. दार उघडलं. मागच्या भिंतीवर बर्फ धरलं होतं. वरच्या खणातल्या थर्मामीटरवरही उणे तीनच. दोन वेगवेगळी उपकरणं एकाच वेळी सारखंच खोटं बोलत नाहीत. तेव्हा मला शनिवार आठवला.

शनिवारी साडेचारला लसींचा नवा साठा आला होता. गाडी वाटेत अडकलेली, खोकी कोमट. मामा म्हणाला, "थर्मोस्टॅट जरा खाली घे आजच्या रात्रीपुरता. उद्या सकाळी येशील तेव्हा परत वर कर." मी बटण दोन घरं फिरवलं. उद्या सकाळी म्हणजे रविवारी नऊला. आणि रविवारी नऊला मी तिथून दोन किलोमीटरवर, लाकडी बाकांच्या एका हॉलमध्ये बसले होते. थर्मोस्टॅट हा शब्द माझ्या डोक्यात कुठेही नव्हता.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ आणि आमच्या लस भांडाराचा इनचार्ज. वडील गेल्यावर त्यानंच मला इथं चिकटवलं. कामावर असताना त्याला साहेब म्हणायचं, अहोजाहो करायचं, पाच वाजून गेले की मामा आणि अरेतुरे, हा त्याचाच नियम. आठ महिन्यांपूर्वी मी रविवारची ड्युटी आपणहून मागून घेतली. रविवारी फक्त दोनदा तापमान नोंदवायचं असतं, पण त्यासाठी अख्खा दिवस मोडतो म्हणून ती सगळे टाळतात. मामानं घरी येऊन आईला सांगितलं, "अक्का, तुझी लेक म्हणजे सोनं आहे बघ. लोक सुट्टीसाठी खोटी आजारपणं काढतात, आणि ही सुट्टीचं काम मागते." आई खुशीत हसली. मी भिंतीकडे बघत राहिले.

सुरुवातीला मी नऊचं तापमान बघून मग चर्चमधल्या उपासनेला जायची, बाराला परत यायची आणि पाचपर्यंत बसायची. मग पाचचा आकडा मी बारालाच लिहायला लागले. मग उपासनेनंतर झाडलोट, आजारी माणसांच्या घरी जाणं असं काही ना काही निघत गेलं, आणि मी दुपारी परत यायचंच सोडलं. या रविवारी बाप्तिस्म्याच्या आधीची शेवटची शिकवणी होती, सकाळी आठपासून. या रविवारी मी भांडाराच्या फाटकातून आतच आले नव्हते.

पुढच्या रविवारी माझा बाप्तिस्मा होता. त्याला तिथल्या पाळकांची एकच अट होती. शिकवणीला आम्ही तिघं होतो, आणि तिघांनाही त्यांनी तेच सांगितलं. "घरी सांगून यायचं. घरच्यांनी हो म्हणायला हवं असं नाही. पण त्यांना ठाऊक हवं. चोरून मी कुणाला पाण्यात उतरवत नाही."

मी गेले तीन आठवडे रोज ठरवत होते की आज सांगू.

भीती कशाची होती, ते सांगते. आमच्या घरात एक फोटो आहे. आई, मामा, त्यांची सगळी भावंडं एका ओळीत उभी. आईच्या शेजारी तिची मावसबहीण होती. तिनं धर्म सोडला तेव्हा आईनं कात्रीनं तिला त्या फोटोतून कापून काढलं. पण तिचा हात आईच्या खांद्यावर होता. तो कापायला गेलं तर आईचा खांदाही गेला असता. म्हणून फोटोत आईच्या खांद्यावर आजही चार बोटं आहेत, कुणाचीच नसलेली. लहानपणी मी विचारलं, हा हात कुणाचा? आई म्हणाली, "कुणाचा नाही."

चर्चकडे मी पहिल्यांदा गेले ती कामासाठी. मागच्या वर्षी चर्चच्या शेजारच्या हॉलमध्ये लसीकरण होतं आणि लसींच्या डब्याजवळ मी बसले होते. मधल्या दारातून उपासना ऐकू येत होती. काहीही मागायच्या आधी ते सगळे एक मिनिट गप्प बसले, आणि या आठवड्यात आपलं काय चुकलं ते प्रत्येकानं मनातल्या मनात सांगितलं. मला ते ओळखीचं वाटलं. कुठल्याही मोजमापात चूक असतेच, आणि प्रामाणिक माणूस ती आकड्याच्या शेजारी लिहितो. हे लोक तर सुरुवातच तिथून करत होते. मग पुढून आवाज आला की क्षमा झाली आहे. चूक नव्हतीच असं नाही, चूक होती आणि क्षमा झाली. मला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा ऐकायला गेले. चौथ्या रविवारी मी त्या मिनिटात डोळे मिटले आणि कुणीतरी समोर येऊन उभं राहावं तसं झालं. इतकं जवळ, की मी डोळे उघडायला घाबरले. उघडले तेव्हा समोर फक्त पुढच्या बाकाची पाठ होती. पण मी म्हणून जी बाई तिथं गेली होती, ती परत आली नाही. दुसरीच कुणीतरी घरी आली, आणि त्या दुसरीला मी आठ महिने लपवून ठेवत होते.

सोमवारी फ्रिजसमोर मी आधी थर्मोस्टॅट वर केला. बटण बरोबर दोन घरं उलटं फिरवलं. खण तपासले. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीची खोकी होती, नवा साठा. या लशीला उष्णता काही दिवस चालते, पण गोठणं एकदाही चालत नाही. एक व्हायल, म्हणजे लशीची काचेची कुपी, उजेडात धरली. आतली लस पातळच होती, गोठलेली दिसत नव्हती. याचा अर्थ काही नाही. द्रव शून्याखालीही काही काळ द्रव राहू शकतो, आणि गोठून पुन्हा वितळलेली लसही पहिल्यासारखीच दिसते. टोचली तर मूल आजारी पडत नाही, सूजही येत नाही. फक्त लस काम करत नाही. वर्षांनी कुठल्यातरी मुलाला गंजका खिळा लागेल, तेव्हा कुणालाही आमचा फ्रिज आठवणार नाही.

म्हणजे हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

यावर एक परीक्षा असते. त्याच साठ्यातली एक व्हायल मुद्दाम गोठवायची, पूर्ण दगड करायची. मग ती वितळवून, संशयातली व्हायल तिच्याबरोबर एकाच हातात धरून हलवायची, आणि दोन्ही शेजारी ठेवून अर्धा तास बघायचं. बिघडलेल्या लशीचा गाळ लवकर खाली बसतो. चांगली लस गढूळ राहते. मी एका व्हायलवर लाल खूण केली आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवली. गोठायला सकाळ होणार होती, आणि हा साठा मंगळवारी अकराच्या गाडीनं निघणार होता.

मामा दहाला आला. "सगळं ठीक?"

"हो साहेब."

तो रजिस्टर बघायलाही थांबला नाही. बघायची गरजच नव्हती. रविवारच्या रकान्याखाली "तपासले" म्हणून त्याची सही शनिवारी संध्याकाळीच झालेली असे. दर शनिवारी. एकतीस वर्षांत त्याच्यावर एक शेरा नव्हता, आणि तीन महिन्यांत तो निवृत्त होणार होता.

संध्याकाळी घरी गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय गं, चेहरा का असा उतरलाय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? रविवारीपण राबायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. थांब, सांगते मी त्याला. भाची आहे का घाण्याचा बैल? महिन्यातून एखादा रविवार तरी सोड म्हणावं."

"नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिनं तो उचलला, पुन्हा घडी घातली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं बाई. नाही सांगत. अंगावर कशाला येतेस?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्याच भिंतीवर तो फोटो होता आणि तिच्या खांद्यावर ती चार बोटं. मी आत गेले, पलंगावर बसले आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मनात फक्त उणे तीन, उणे तीन असं चाललं होतं. मग वाटलं, ज्याच्यापुढे मी आठ महिने खरं बोलत होते, त्याच्याकडे यायला मी दर रविवारी खोटं बोलत होते. हे मला दिसलं नव्हतं असं नाही. मी तिकडे बघत नव्हते.

मंगळवारी साडेसातला मी भांडारात होते. लाल खुणेची व्हायल दगड झाली होती. ती हातात धरून वितळवली. बरोबर नऊला दोन्ही व्हायल एका मुठीत धरून दहा सेकंद हलवल्या आणि मामाच्या टेबलावर ठेवल्या, कारण तेच एक टेबल सपाट आहे.

पाच मिनिटांनी दोन्ही गढूळ होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, दुसरी तशीच राहू दे. एवढं कर. मी घरी सांगीन, आजच सांगीन, पण ही गढूळ राहू दे. दहा मिनिटांनी लाल खुणेच्या व्हायलमध्ये वरच्या बाजूला स्वच्छ पाण्याची रेघ दिसली. मी दुसरीकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. रेघ तिथंही होती.

पंधराव्या मिनिटाला मामा आत आला. पिशवी ठेवता ठेवता त्याचं टेबलाकडे लक्ष गेलं आणि पिशवी हातातच राहिली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. ही परीक्षा मला त्यानंच शिकवली होती.

"कुठला फ्रिज?"

"दोन नंबर."

"किती?"

"उणे तीन. मी थर्मोस्टॅट वर केला नाही, मामा."

"साहेब," तो सवयीनं म्हणाला, आणि मग बसला. रजिस्टर ओढून घेतलं. "रविवारी चार आहे की. सकाळी चार, संध्याकाळी चार. म्हणजे रविवारी ठीक होता. सोमवारी पहाटे बिघडला. यंत्र आहे, बिघडतं. दुरुस्तीवाल्याला बोलावू, तो लिहून देईल."

"रविवारी मी नव्हते इथं."

"नव्हतीस म्हणजे?"

"आलेच नाही."

त्यानं चष्मा काढला. खिडकीबाहेर बघितलं, मग दार ढकलून लावलं आणि आवाज खाली आणला. "कोण आहे तो?"

"कोण?"

"मुलगा गं. काय करतो? लग्न झालेला नाही ना?"

मला त्या भीतीतही हसू आलं आणि ते रडण्यासारखं निघालं. "मुलगा नाही, मामा. मी चर्चमध्ये होते."

"कुणाचं लग्न?"

"उपासनेला. आठ महिने जातेय. येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे माझा."

त्यानं चष्मा पुन्हा घातला आणि टेबलाकडे बघितलं. दोन्ही व्हायलमधली रेघ आता जाड झाली होती.

"मुलगा असता तर बरं झालं असतं गं," तो शेवटी म्हणाला. "चार शिव्या दिल्या असत्या आणि लग्नात पुढं बसलो असतो. हे काय काढलंस? काही देतात का ते लोक? नोकरी, परदेश, काही?"

"काही देत नाहीत. उलट झाडू मी मारते तिथं."

"इथं कधी मारलास?" तो म्हणाला. मग पुन्हा, अगदी हळू, "मग मिळतं काय तुला?"

मी विचार करून उत्तर दिलं. "तिथं मला खरं सांगता येतं."

त्यानं रजिस्टरवर बोट ठेवलं. रविवारच्या त्या दोन चारांवर. "आणि इथं?"

मी त्या आकड्यांकडे बघितलं. त्याला तो टोमणा मारल्याचा आनंदही झाला नाही. तो उठला, येरझारा घातल्या, आणि मग माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला. असा तो फक्त घरी बसायचा.

"ऐक. हा साठा मी आज बाजूला काढतो. मुदत संपली म्हणून दाखवतो, नष्ट करतो. एकाही पोराला खराब लस जाणार नाही. झालं ना? तुझा देव खूश, माझा देव खूश. रजिस्टरला हात लावू नकोस. आणि अक्काला यातलं अक्षर कळायला नको. तिचं ब्लडप्रेशर तुला माहितीय. तू त्या तिकडं जायचं हळूहळू कमी कर. मी तुला रविवार देणार नाही आता. संपला विषय."

मी हो म्हणणार होते. मुलांना काही होणार नव्हतं, मामा डाग न लागता घरी जाणार होता, आईच्या खांद्यावर आणखी एक हात कापलेला दिसणार नव्हता. या सगळ्याच्या समोर होते फक्त दोन आकडे, तेही माझ्याशिवाय कुणाला खुपत नव्हते. मी मान हलवायला सुरुवातही केली असावी, कारण मामानं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात दार वाजलं आणि गाडीचा ड्रायव्हर आत आला. त्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो रस्त्यावर कुठल्याही पोलिसाशी वाद घालतो आणि जिंकून येतो.

"साहेब, अकराची गाडी अकराला का सव्वाअकराला? तिकडं पोरं रडायच्या तयारीत बसलीत."

"आज गाडी नाही," मामा म्हणाला. "दोन नंबरचा साठा परत जातोय."

"का, खराब निघाला?" वकील दारातच थांबला. "मग काल नेला त्याचं काय?"

"काल काय नेलंस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"बालवाडीचा लशीचा डबा, ताई. सोमवारचा, सातचा. एक नंबरमध्ये जागा नव्हती, म्हणून शनिवारी मीच तो दोन नंबरमध्ये सरकवला होता. चौकीदाराकडून किल्ली घेतली, नेला, दिला. दुपारपर्यंत सगळ्या पोरांना टोचून मोकळे. एक तर मला चावलं, हे बघा." त्यानं मनगट पुढं केलं.

"किती मुलं?"

"शंभर-सव्वाशे. चावणारं धरून."

मामानं त्याला हातानंच जायला सांगितलं. दार बंद झालं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मामाच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तोही घाबरला होता, माझ्याइतकाच.

"दिलेली लस काही अंगातून काढता येत नाही," तो म्हणाला.

"परत देता येते."

"परत द्यायची तर कारण सांगावं लागेल."

"हो."

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. आमच्याकडे आकडा खोडायची एक पद्धत आहे. खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावरून एकच सरळ रेघ ओढायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. मी पट्टी घेतली. पहिल्या चारवर रेघ ओढली. दुसऱ्यावर ओढली. शेजारी लिहिलं: रविवारी मी कामावर आले नाही. तापमान पाहिले नाही. आकडे सोमवारी न पाहता लिहिले. सही केली.

"आणि खाली माझी सही आहे त्याचं काय?" मामानं विचारलं. "तपासले म्हणून?"

"मी माझ्यापुरतं लिहिलंय, साहेब."

"साहेब म्हणू नकोस आत्ता." त्याचा आवाज फुटला. "एकतीस वर्षं गं. तुला इथं मी आणलं."

"माहितीय, मामा." मी रडत होते, पण पेन खाली ठेवलं नव्हतं.

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. टेबलावरचा फोन उचलून माझ्यासमोर आदळला. "अक्काला सांग. आत्ता. तिनं माझ्या तोंडून ऐकायला नको, आणि माझ्याच्यानं संध्याकाळपर्यंत पोटात राहायचं नाही."

मी नंबर फिरवला. दुसऱ्यांदा फिरवावा लागला, पहिल्यांदा शेवटचा आकडा चुकला. आईनं उचलला. मागे नळ चालू होता.

"आई, मी बोलतेय."

"काय झालं? मामा बरा आहे ना?"

"बरा आहे. आई, मी रविवारी कामावर नसते. मी चर्चला जाते, आठ महिने झाले. मी ख्रिस्ती होतेय. या रविवारी बाप्तिस्मा आहे. मी तुला खोटं सांगत होते."

पाठ केल्यासारखं एका दमात बोलले. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. मी आकडे मोजायला लागले. बारापर्यंत आले.

"कामाच्या वेळी घरी फोन करू नये," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

उरलेल्या दिवसाचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बालवाडीच्या बाईंना मी फोन केला. सगळं सांगितलं. त्या आधी ओरडल्या आणि मग म्हणाल्या, यादी पाठवते, एकशे नऊ मुलं आहेत. वरच्या कार्यालयाला कळवलं. त्यांनी गुरुवारी चौकशीला बोलावलं आणि तोपर्यंत किल्ल्या जमा करायला सांगितल्या. मी किल्ल्या मामाच्या टेबलावर ठेवल्या तेव्हा रजिस्टर त्याच्यासमोर उघडं होतं आणि तो पट्टी शोधत होता. मी थांबले नाही.

घरी जायला पंचवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी चाळीस लागली. कोपऱ्यावर आले की पाय थांबायचे. मला दिसत होतं ते असं: दाराबाहेर माझी बॅग, आत दिवा, आणि कितीही वाजवलं तरी न उघडणारं दार. मी कुठं जायचं ते ठरवायचा प्रयत्न केला आणि एकही पत्ता आठवला नाही. अजून कुणाचीच नव्हते मी. जुन्या घरातून बाहेर आणि नव्यात अजून पाय नाही, मधल्या पायरीवर उभी. मी चालता चालता म्हटलं, प्रभू, मला भीती वाटतेय. एवढीच प्रार्थना झाली. भीती कमी झाली नाही. पण ती ज्याला सांगितली तो ऐकतोय, एवढं मला कळत होतं, जसं अंधाऱ्या खोलीत दुसरं माणूस आहे हे कळतं.

दार उघडं होतं. बाहेर बॅग नव्हती. आई समोरच्या खुर्चीत बसली होती, दिवा न लावता. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथंच उभी राहिले.

"मामा येऊन गेला," ती म्हणाली. "त्यानंही काहीतरी लिहून दिलंय म्हणे वर. आगाऊ सही करायचा म्हणून. या वयात." थोडं थांबून, "तुझ्यामुळं."

"हो."

"मी काय वाईट केलं तुझं?"

"काही नाही, आई. तुझ्यामुळं नाही गेले मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटायची. तू मला कापून काढशील अशी."

तिनं भिंतीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. अंधारात फोटोची फक्त काच दिसत होती.

"तिनं मला सांगितलं होतं," आई म्हणाली. "जायच्या आधी. माझा हात धरून सांगितलं होतं. तरी मी कापलं." ती उठली. मला वाटलं, आता दार लावेल. ती आत गेली, दार तसंच उघडं टाकून. मी उंबऱ्यावर उभी. आत जाऊ की नको, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी आत गेले.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. बरणीचं झाकण लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

"रविवारी मी येणार नाही."

"बरं."

"बोलावलंस तरी येणार नाही. मला ते चालणार नाही. कधीच."

"बरं, आई."

झाकण लागलं. ती वळली नाही.

"पाण्यात बुडवतात ना?"

"हो. एकदाच. पूर्ण."

"तुला पोहता येत नाही."

"कमरेइतकंच असतं."

"कमरेइतक्या पाण्यात माणसं जातात. तुझ्या नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे? धरतं कोण?"

"पाळक धरतात."

"म्हातारे आहेत का ते?"

"साठीचे असतील."

"साठीचे," ती म्हणाली, आणि आता वळली. तिचे डोळे सुजले होते. तिला माझा राग होता, तो जाणार नव्हता, आणि त्याच्या आतून ती मला पाण्यात बुडताना बघत होती. मलाही त्या पाण्याची भीती होती. शिकवणीत मी बाप्तिस्म्याच्या हौदाकडे बघायचंही टाळलं होतं. पाळकांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण आपल्याच बाप्तिस्म्याला घाबरणारी बाई कुणी ऐकली आहे का?

"मला भीती वाटते, आई," मी म्हटलं.

"वाटू दे," ती म्हणाली. आणि मग ओट्याला टेकून, हाताची घडी घालून, तिथंच उभी राहिली. आत निघून गेली नाही.